कुंकवाच्या ठिपक्यावरचं भांडण

दिगंबर, काल संध्याकाळीही तू निघालास. जिनिंगच्या ऑफिसात मुनीमजींच्या कॉम्प्युटरवर ती बारकी चौकट उमटली आणि तुझ्याच बोलीत म्हणाली, "झालं. मी निगालो." मुनीमजींनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच तुला स्टेशनवर सोडून आलोय.

परवा तुझा तेरावा झाला. चुडाव्याला तुझ्या अंगणात बसून लाडू खाल्ला. तुझ्या थोरल्या भावानं आग्रह करून दुसरा वाढला, मी तोही खाल्ला, कारण तू असतास तर तिसराही वाढला असतास आणि वर म्हणाला असतास, "खा की लेका, हिशेब कोण ठिवायलाय." परतीच्या गाडीत लोक म्हणत होते, दिगंबरराव अचानक गेले. इथं सेलूत जिनिंगमधून तू अजून रोज संध्याकाळी जातोस, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार.

सगळा दोष तुझा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. जिनिंगला कापसाच्या गाड्या येतात, काट्यावर त्यांचं वजन होतं, ते वजन एका प्रोग्राममध्ये जातं. हिशेब मात्र दुसऱ्याच प्रोग्राममध्ये. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर राहतात आणि बांधावरून भांडलेल्या भावांसारखे एकमेकांशी बोलत नाहीत. दिवसभराचे आकडे इकडून तिकडं टाइप करत मुनीमजी दिवेलागण करायचे, आणि त्यांच्या शेजारी तुला बसावं लागायचं. म्हणून तू स्क्रिप्ट लिहिलीस. ती आपली आपण खिडक्या उघडते, आकडे उचलते, बटनं दाबते आणि काम संपलं की निरोप घेते. लोक असल्या गोष्टी कामाचा उरक वाढावा म्हणून करतात. तू संध्याकाळची पॅसेंजर गाठायला केलीस. ती पॅसेंजर जन्मात कधी वेळेवर आली नाही, तरी तू रोज पळत जायचास.

मुनीमजींना तो निरोप तू असतानाही खटकायचा. "निगालो म्हणू न्हाई दिगंबरराव, येतो म्हणावं," असं ते तुला किती वेळा बोलले असतील. तू हसायचास, "मुनीमजी, प्रोग्राम हाय तो, पाव्हणा न्हाई," म्हणायचास आणि पिशवी उचलायचास. आता ते रोज माझ्या मागं लागलेत. "वसंतराव, तेवढं एक वाक्य बदला. जीव कसानुसा होतो." मी त्यांना सांगितलं, त्या फाइलला मी हात लावणार नाही.

का लावणार नाही, ते तुला सांगतो. मोंढ्यातल्या आपल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाइकांची वाटणी ठरलेली होती. आडते माझे, जिनिंग तुझं. एकमेकांच्या फायली उघडायच्या नाहीत. पण ते कारण नाही. मी फाइल उघडली की मला तुझे उद्योग दिसणार, मी चिडणार, भांडणार, आणि उत्तर द्यायला तू नाहीस. एकट्यानं भांडण्यात काय मजा आहे.

आणि भांडण अर्धंच राहिलंय. येत्या रविवारी हिशेबाच्या प्रोग्रामचं नवं व्हर्जन बसवायचंय. जुनं आता चालणार नाही असं कळवलंय कंपनीनं. तुला माहीत आहे, नवं व्हर्जन आलं की तुझ्या स्क्रिप्टची काय गत व्हायची ते. आतापर्यंत तू होतास, शिव्या देत का होईना दुरुस्त करायचास. या खेपेला ती एकटीच आहे. रविवारी संध्याकाळी तू "निगालो" म्हणशील की नाही, याचाच घोर लागलाय मला. दुसरं तुझं चालू असलेलं काही माझ्याजवळ उरलेलं नाही.

आपलं भांडण सुरू झालं ते कुंकवावरून. खंडेनवमीला मुनीमजी काट्याची पूजा करतात, शिलाईच्या दाभणांची करतात, तशी त्यांनी कॉम्प्युटरचीही केली. फूल वाहिलं, हळद वाहिली आणि कुंकवाचं बोट थेट स्क्रीनवर टेकवलं. बरं, कुठंही नाही. जिथं "जतन करा" हे बटन होतं, नेमकं तिथं. डोळ्यांना कमी दिसायचं त्यांना. देवाचं काम झालं आणि आपलंही झालं, असा त्यांचा हिशेब. मग वर्षभर ते माऊसचा बाण कुंकवावर नेऊन दाबायचे. आपण दोघं किती हसलो होतो तेव्हा.

पुढं व्हर्जन बदललं. बटनं इकडची तिकडं झाली. "जतन करा" गेलं कोपऱ्यात आणि कुंकवाखाली आलं "रद्द करा". मुनीमजींनी सकाळपासून इमानेइतबारे कुंकवावर दाबत एकेक पावती रद्द केली. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. जिनिंगचे शेठजी ओरडायला लागले. मुनीमजी म्हणाले, "मी रोजच्याच जागी दाबायलोय." तू धावत आलास, मुनीमजींना बाजूला केलंस, "सरका, माझी स्क्रिप्ट चालवतो," म्हणालास, आणि तुझ्या स्क्रिप्टनं उरलेल्या पावत्या रद्द केल्या.

कारण तूही तेच केलं होतंस. डावीकडून इतकं, वरून इतकं, तिथं दाब. बटन कोणतं, त्यावर काय लिहिलंय, याच्याशी तुझ्या स्क्रिप्टला देणंघेणं नव्हतं. मी तेव्हा म्हणालो, "मुनीमजींनी कुंकू बाहेरून लावलं, तू आतून लावलंस, एवढाच फरक." तुला ते लय लागलं. दुपारभर माझ्याशी बोलला नाहीस. आणि मग तू काय उपाय केलास, आठवतंय? आत आकडे बदललेस, आणि मुनीमजींकडून कुंकवाचा करंडा मागून घेऊन नव्या जागी नवा ठिपका लावलास. जुना पुसायचा नाही म्हणून मुनीमजी अडून बसले. मग स्क्रीनवर दोन ठिपके. कुठला दाबायचा हे लक्षात राहावं म्हणून तू नव्याला हळदही लावलीस. इंजिनियरिंगचा डिप्लोमा झालेला माणूस तू.

त्यानंतर आपल्यात असल्या कामाला "कुंकू लावणं" हाच शब्द पडला. कुणी आडत्या म्हणाला, पुण्याच्या पोरांनी भारी प्रोग्राम करून दिलाय, की तू हळूच मला विचारायचास, "कुंकू हाय का?"

मी तुला समजावून थकलो. म्हणायचो, तुला चुडाव्यात कुणी शोधायला आलं तर काय करतो? स्टेशनपासून इतकी पावलं उजवीकडं, मग इतकी डावीकडं, असं चालत येतो का? तू त्या दिवशी शेतात गेलेला असलास तर तो तुझ्या म्हशीला नमस्कार करून परत जाईल. माणूस नाव विचारतो. दिगंबर कुठंय, म्हणतो. बटनालाही तसंच नावानं हाक मारावी. ते कुठंही जाऊन बसू दे, ओ देईल. तू म्हणायचास, "नाव शोधायला येळ लागतो. मला गाडी हाय."

मग शेठजींनी मोठा स्क्रीन आणला आणि तुझे सगळे आकडे एकदम चुकले, तेव्हा कुठं तू ऐकलंस. म्हणजे ऐकलंस असं कबूल केलं नाहीस. ताडकळसच्या बाजारच्या दिवशी आपण त्या बियाण्याच्या दुकानात गेलो होतो, तिथं चहा पिताना तू दुकानदाराला सांगायला लागलास, "मालक, माझी एक पद्धत हाय. बटनाला नावानं हाक मारायची. गावात माणूस कसा हुडकता तुमी?" आणि माझीच पावलं, माझंच स्टेशन, माझीच म्हैस त्याला ऐकवलीस. दुकानदार माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमच्या पार्टनरला लय डोकं हाय हो." मी भज्याचा घास गिळला. मोटारसायकलवर मागं बसून येताना मी तुला बोलायचं सोडून तुझ्या पाठीकडं रागानं बघत आलो. तुला ते कळत होतं, कारण तू रस्ताभर गाणं म्हणत होतास.

नावाचंही पुढं काय झालं ते तुला माहीत आहे. पुढच्या व्हर्जनमध्ये कंपनीनं बटनांची नावंच बदलली. आता नाव सापडलं नाही तर स्क्रिप्टनं काय करावं, यावर आपलं खरं भांडण पेटलं. माझं म्हणणं साधं होतं. सापडलं नाही तर थांबावं. समोर माणूस बसलाय, त्याला विचारावं. तुझं म्हणणं, थांबायचं नाही. नाव सापडलं नाही तर शेजारचं बटन दाबून पुढं जायचं. "थांबलेला प्रोग्राम म्हंजी बंद पडलेली एसटी," म्हणायचास. "मानसं खाली उतरून ढकलायची."

तुझी एसटी त्या वेळी थांबली नाही हे खरं. तिला "पुढे" सापडलं नाही, शेजारचं "छापा" सापडलं. हंगामाच्या सगळ्या पावत्या छापायला सुरुवात झाली. प्रिंटर गरम होऊन वास यायला लागला तरी छापतोय. मुनीमजी प्रिंटरपुढं हात जोडून उभे, तू माऊस आपटतोयस, शेठजी विचारतायत, कोणी सांगितलं छापायला. कागद संपले तेव्हाच ते थांबलं. त्यानंतर वर्षभर मुनीमजींच्या घरी चिवडा पावत्यांच्या पाठीवर वाढला जात होता. आणि तू, घाम पुसत, मला काय म्हणालास? "पर थांबलं न्हाई ना?"

असल्या माणसाशी काय बोलायचं. तरी मी बोलतच राहिलो. त्या शेवटच्या दिवशीसुद्धा आपण तेच बोलत स्टेशनवर गेलो. हुरड्याचे दिवस जवळ आलेत, चुडाव्याला ये, असं तू मध्येच म्हणालास आणि मी म्हणालो, विषय बदलू नको. प्लॅटफॉर्मवर उभं राहून मी म्हणालो, "विचारायला काय जातं रे त्याचं?" तू म्हणालास, "इचारंल. पर सांगायला मी कुठं हाय? मी तर गाडीत."

"मी आहे की," म्हणालो मी.

"तू?" म्हणून तू असा हसलास की बाकावरची म्हातारी दचकली. तेवढ्यात गाडी आली. लेटच आली. तू दारात लटकून ओरडलास, "उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या भावाचा फोन आला. छातीत कळ आली आणि संपलं, म्हणाला. मी त्याला दोनदा विचारलं, कोण बोलतंय. आवाज ओळखीचा होता, तरी विचारत राहिलो.

तुझी स्क्रिप्ट चांगली आहे, हे मी तुला कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर डोक्यावर बसला असतास. पण हंगामात मुनीमजी उजेडी घरी जायला लागले, नातीबरोबर अंगणात बसायला लागले, ते तुझ्यामुळं. त्यांनीच मला सांगितलं. दिगंबर, मला तुझी फार आठवण येते. दुकानात दोन चहा सांगितले जातात अजून. चहावाला आणतोही. दुसरा मी गार करून पितो.

हे लिहिणं इथं थांबवलं होतं. आता रविवार होऊन गेलाय, म्हणून पुढचं लिहितो.

सकाळीच जिनिंगवर गेलो. सगळ्या हिशेबाची कॉपी काढून बाजूला ठेवली, म्हणजे काही उलटंपालटं झालं तरी शेतकऱ्यांच्या पावत्यांना धक्का नको. तो घोर मिटला. दुसरा होता तसाच होता. मुनीमजी नारळ घेऊन आले होते, करंडाही होता. मी म्हणालो, "मुनीमजी, कुंकू स्क्रीनला नको." ते जरा हिरमुसले, मग त्यांनी टेबलाला लावलं. नारळ फोडला. मी नवं व्हर्जन बसवलं आणि तुझी स्क्रिप्ट चालू केली.

पहिली खिडकी उघडली. सगळं रंगरूप बदललेलं. जिथं पांढरं होतं तिथं निळं, वरचं सगळं खाली. पण तुझी स्क्रिप्ट गांगरली नाही. नाव शोधत गेली, बटन कोपऱ्यात दडलं होतं तिथून त्याला हुडकून काढलं, दाबलं. आकडे भरायला लागली. मुनीमजी म्हणाले, "चाललं की." मीही मान हलवली. जरा ताठ बसलो. म्हैस माझी होती शेवटी.

मग "जतन करा" यायची वेळ झाली आणि माझ्या लक्षात आलं की नव्या व्हर्जनमध्ये त्या बटनावर अक्षरंच नाहीत. नुसतं एक चित्र. नाव घेऊन हाक मारायची सोयच काढून टाकलेली. आणि शेजारी कुठलं बटन होतं? "सगळं पुसा". तू काय करणार ते मला ठाऊक होतं. थांबायचं नाही, शेजारचं दाबायचं. कॉपी बाजूला आहे हे माहीत असून माझा हात कॉम्प्युटर बंद करायच्या बटनाकडं गेला. मुनीमजींना त्या छापाछापीची आठवण झाली असावी, त्यांनी वाकून प्रिंटरची पिन उपसून हातात धरली. दोघं तसेच, एक बटनावर, एक पिन घेऊन.

काहीच झालं नाही. बाण जागचा हलला नाही. प्रोग्राम थांबला होता, दिगंबर. तुझा प्रोग्राम. मग चौकट आली, मी कधी न पाहिलेली:

"वसंता, हे बटन सापडंना. तू दाखीव. घाई न्हाई."

मी ते दोनदा वाचलं. मुनीमजींना एवढ्या लांबून वाचता येत नव्हतं. "काय म्हणतंय?" म्हणाले.

"घाई न्हाई म्हणतोय."

मुनीमजींनी पिन हातात धरूनच जरा विचार केला. मग मान हलवली. "मग हे दिगंबररावाचं न्हाई. दुसऱ्या कोणाचं तरी असंल."

मी हसायला लागलो आणि हसता हसता रडलो, मुनीमजींसमोर, ऑफिसात, भर दिवसा. ते बिचारे पिन टाकून पाणी आणायला गेले. तू हे कधी लिहून ठेवलंस, फाइल उघडली तर कळेल. मी उघडणार नाही. त्या छापाछापीनंतर लगेच लिहिलं असशील आणि नंतर इतके दिवस नुसता माझ्याशी भांडायचं म्हणून भांडत असशील, तर मला ते सहन होणार नाही. "उद्या बोलू" म्हणाला होतास. हेच सांगणार होतास का, एवढं विचारायचं राहून गेलं.

मी चित्राच्या बटनावर बाण नेऊन दाबलं. परत चौकट आली, "हेच का? नीट बग." मी नीट बघितलं, हो म्हणालो. मग तिनं ते लक्षात ठेवलं आणि पुढच्या पावतीला विचारलं नाही. आणखी एका बटनापाशी अडली, तेही मी दाखवलं. सावकाश दाखवलं. घाई न्हाई म्हणालास ना, मग मीही लावली नाही.

शेवटची पावती गेली. मुनीमजी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागं उभे होते, आणि नेहमीची चौकट उमटली. "झालं. मी निगालो."

मला वाटलं, आता परत म्हणतील, तेवढं वाक्य बदला. त्यांनी तांब्या टेबलावर ठेवला, टोपी सारखी केली आणि स्क्रीनकडं बघून म्हणाले, "या दिगंबरराव. सावकाश या. गाडी लेट हाय."